कार्ड मीच स्वाइप केलं

मुरबे,
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय दीपा,

सप्टेंबरच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. एकवीस जुलैला माझा भाऊ तुझं कार्ड घेऊन बोईसरच्या आमच्या दुकानात जाळं घ्यायला आला, तेव्हा मी दुकानात नव्हते, धीरजशेठनी मला बँकेत पाठवलं होतं, असं मी लिहिलं होतं. मी दुकानातच होते. काउंटरच्या आत, माझ्या नेहमीच्या स्टुलावर. मिथुनने तुझं कार्ड माझ्या हातात दिलं आणि ते मशीनमध्ये मी घातलं. एकदा नाही, चार वेळा. शाळेत जायच्या आधी मला जिवलीआत्याने घरीच लिहायला शिकवलं, आणि तिची एकच सक्ती होती: चुकलेलं खोडरबराने पुसायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. म्हणून ते पत्र फाडून टाक असं मी म्हणणार नाही. ते ठेव, आणि हे त्याच्या शेजारी ठेव.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. बरोबर केलंस. म्हणून दांडी गावातल्या तुझ्या घरच्या पत्त्यावर लिहिते आहे. तुझ्या बाबांच्या हाती पडलं तर त्यांनीही वाचावं. साखरपुड्याची साडी आणि नारळ परत करायला ते आमच्याकडे आले होते तो दिवस मला रोज आठवतो. पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. आई म्हणाली, "बसा तरी, व्याही." ते म्हणाले, "व्याही आता नाय म्हणू. पोरीचा पैसा मोबाइलच्या खेळात घालणाऱ्याच्या घरात आमी बसत नाय." मिथुन दारात उभा होता आणि मी त्याच्या मागे. तुझ्या बाबांनी मला विचारलं, तू तर त्याच दुकानात कामाला हायस, तू सांग. मी तेव्हाही तेच सांगितलं, जे नंतर तुला लिहिलं. मी त्या दिवशी दुकानात नव्हते, वहीत मात्र जाळं रोखीने गेल्याचं लिहिलंय. मिथुनने वळून माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून तुझ्या बाबांच्या चपला सरळ करून ठेवल्या, त्यांना जाताना घालायला सोप्या जाव्यात म्हणून.

तुझी अट रास्त होती. दोन वर्षांपूर्वी त्याने मोबाइलवर पत्त्यांच्या खेळात अकरा हजार घालवले होते, आणि ते त्याने स्वतःहून तुला सांगितलं होतं. कंपनीच्या पगाराच्या खात्यावर मिळालेलं क्रेडिट कार्ड तू त्याला जाळ्यासाठी दिलंस, पिन सांगितलास, दर महिन्याला दोघं मिळून भरू म्हणालीस. फक्त त्यातून एक रुपयाही रोख काढायचा नाही. आणि ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये आल्या पंधरा-पंधरा हजारांच्या चार ओळी. चारही 'रोख व्यवहार'. खाली चार वेळा पाचशे रुपये आकार, त्यावर कर, आणि सामानाच्या खरेदीला जी महिनाभराची सवलत असते ती नाहीच, पहिल्या दिवसापासून व्याज. चार हजारांच्या वर नुसता भुर्दंड. तू दुकानात फोन केलास तेव्हा शेठ तुला म्हणाले, "आमच्या वहीत त्या दिवशी कार्डाची विक्रीच नाही, बेन. जाळं नेलं त्याने, पस्तीस हजारांचं, रोख मोजून." म्हणजे साठातले पंचवीस कुठे गेले? तुला जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. मिथुन म्हणत राहिला की साठ हजार जाळ्याचे आणि दोरांचेच झाले, आणि तू म्हणालीस, मग बिल दाखव.

बिल त्याच्याकडे नव्हतं, आणि का नव्हतं हे त्याने सांगितलं ते तुला सबबीसारखं वाटलं. ती सबब नाही. नवं जाळं पाण्यात उतरून पहिली मासळी चढेपर्यंत त्याचं बिल आमच्या घरात उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. आजोबांच्या वेळेपासूनची रीत आहे. कागद जाळ्याच्या आधी घरात आला तर जाळं कागदाचंच होतं, असं म्हणतात. मिथुन बारावी शिकलेला आहे, पण यात तो हट्ट करतो. जुलैत मासेमारीची बंदी उठायला दहा दिवस होते. तो म्हणाला, "बिल तुज्याकडंच राहू दे गो, नारळी पुनवेनंतर नेतो." मी ते काउंटरवरच्या तारेत खोचलं. पुनव होऊन आठवड्याने तो बिल न्यायला आला तेव्हा तारेत त्या आठवड्याचं एकही बिल नव्हतं. शेठ म्हणाले, "कसलं बिल?" मी तिथेच उभी होते, दीपा. बिल माझ्या अक्षरातलं होतं. एकोणसाठ हजार सहाशे चाळीस. शेठनी वरचे तीनशे साठ सुया आणि सुतळीत बसवून आकडा गोल करायला लावला, आणि मोठी रक्कम जात नाही म्हणून चार तुकडे करायला सांगितलं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले.

आता मशीनचं सांगते. आमच्या काउंटरवर दोन मशीन आहेत. पांढरं दुकानाचं. काळं खालच्या खणात असतं आणि शेठ सांगतील तेव्हाच बाहेर निघतं. कामाला लागले त्याच महिन्यात त्यांनी बजावलं होतं की काळ्यावरची विक्री दुकानाच्या वहीत कार्डाची म्हणून घ्यायची नाही, ते सांगतील तेवढीच रोख म्हणून लिहायची, आणि बाहेर बोलायचं नाही. कर चुकवायला असेल एवढं मला कळत होतं. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत होते. ज्या गोष्टीची मला घाण वाटायला हवी होती तिची मी सवय करून घेतली. बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून घर माझ्या अकरा हजारांवर आणि मिथुनच्या मासळीवर चालतं, हे खरं आहे. पण ते कारण म्हणून पुढे केलं की मला माझाच तिटकारा येतो. तुझं कार्ड मी काळ्या मशीनमध्ये घातलं. मिथुनने चार वेळा पिन टाकला आणि चौथ्यांदा हसत म्हणाला, "दीपाला सांग, तिज्या नवऱ्याचा आंगठा झिजला."

काळं मशीन काय आहे हे मला ऑक्टोबरपर्यंत खरोखर माहीत नव्हतं. इतका तरी माझ्यावर विश्वास ठेव, नाही ठेवलास तरी चालेल. आमच्या गावच्या जमुनाकाकू, ज्या बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसतात, त्या एका दुपारी भर गिऱ्हाइकांत दुकानात शिरल्या. त्यांनी सप्टेंबरमध्ये बर्फाच्या दोन मोठ्या पेट्या नेल्या होत्या, त्यांच्या मुलीच्या, पूर्वीच्या, कार्डावर. पूर्वीने त्यांना स्टेटमेंट वाचून दाखवलं होतं, त्यातही 'रोख व्यवहार'च होता. शेठ म्हणाले बँकेची चूक असेल, काकू. त्या म्हणाल्या, "बँक मेली पेट्या उचलायला आलती का? मी नि माजी पूर्वी, दोघींनी टेम्पोत चढवल्या. रोकडा नेला असता तर कंबरडं कशाला मोडून घेतलं असतं?" लोक हसले. शेठही हसले. ते हसले की खालचा ओठ ओला होतो, तो ते बोटाने पुसतात आणि त्याच बोटाने नोटा मोजतात. त्यांनी काकूंना चहा मागवला. काकूंनी तो कपात तसाच ठेवला आणि जाताना मला म्हणाल्या, "तू मुरब्याची ना गो? बरी बसलीस इथं."

त्या संध्याकाळी मी पूर्वीच्या घरी गेले आणि आम्ही दोघींनी तिच्या फोनवरून बँकेच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पाऊण तास गाणं वाजत होतं. मग एक मुलगी आली. ती दर दोन वाक्यांनी म्हणायची, "मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ, मॅडम." सहा वेळा म्हणाली. इतक्या गोड आवाजात कुणी कधी माझ्यावर दार लावलं नव्हतं. पण तिने एक गोष्ट सांगितली. मशीन घेताना बँकेला सांगावं लागतं की धंदा कसला आहे. हे मशीन पैसे पाठवण्याच्या केंद्राचं म्हणून घेतलेलं आहे. परप्रांतातले कामगार जिथून गावाला पैसे पाठवतात तसलं. त्यामुळे त्यावर जे काही होईल ते बँकेला रोखच दिसतं, समोर तुम्ही जाळं घेतलंत की पेटी, तिला काय कळणार. पूर्वी म्हणाली, पण आम्ही सामान घेतलं. ती म्हणाली, ते दुकानदाराशी बोला, आणि तक्रार करायची तर कार्ड ज्याचं आहे त्यानेच लेखी करायची. फोन ठेवल्यावर पूर्वीने मला विचारलं, "तुज्या भावाचंबी असंच झालं काय?" मी हो म्हणाले. जमुनाकाकू भाकरी थापत होत्या, त्यांनी थापणं थांबवलं नाही.

दिवाळीच्या सफाईला शेठनी मला खालचा खण रिकामा करायला लावला. सगळं जाळून टाक म्हणाले आणि स्वतः पालघरला निघून गेले. माणसाला दुसऱ्याच्या मुकाटपणाची इतकी खात्री असते याचीही मला आता किळस येते. खणाच्या तळाला एक फाइल होती. तारेतून काढलेली बिलं तिच्यात होती, मिथुनचं होतं, त्याला टाचलेल्या, मशीनमधून निघालेल्या चार चिठ्ठ्या होत्या. आणि काळ्या मशीनचा अर्ज होता. त्यावर माझा फोटो आहे, दीपा. कामाला लागताना पगाराचं खातं उघडायचं म्हणून माझ्या आधारची प्रत, दोन फोटो आणि पाच सह्या घेतल्या होत्या. पगार मला आजवर पाकिटातच मिळाला, आणि खात्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. पैसे पाठवण्याचं केंद्र, चालक उन्नती. मोबाइल नंबर शेठचा, सही माझी. तुझ्या स्टेटमेंटवर त्या चार ओळींपुढे जे कुठल्याशा सर्व्हिसेसचं नाव आहे, ते दुकान माझं आहे. तुला ज्याने लुटलं ते कागदोपत्री मीच आहे.

फाइल मी जाळली नाही. डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. भाऊबीज झाल्यावर दुकान उघडलं तेव्हा मी शेठना विचारलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी काजूकतलीचा बॉक्स पुढे केला. "तू तर घरची आहेस. घरच्या माणसाच्या नावावर माणूस काही ठेवतो, परक्याच्या ठेवतो का? घे, तोंड गोड कर." मग अगदी प्रेमाने समजावलं की पोलीस आले तर ते नाव वाचतील, आणि नाव कुणाचं आहे ते मला दिसलंच आहे. "तुझ्या भावाचं लग्न मोडलं त्याचं मला वाईट वाटतं, बाळा. पण पोरगा तसा उडाणटप्पूच." आणि मी ती काजूकतली खाल्ली. हे लिहायची गरज नव्हती, पण न लिहिता पुढे जाता येत नाही. समोरच्या माणसाने मिठाई दिली की नाही म्हणायचं नसतं, हे मला घरात शिकवलेलं आहे, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. तुपाचा तो थर टाळ्याला चिकटून राहिला. मागच्या नळावर मी तोंडात बोटं घालून चूळ भरली. तुमच्या कंपन्यांच्या नाल्याचं लाल पाणी दुकानामागून वाहतं, त्याच्या वासाने एरवी मला मळमळतं. त्या दिवशी तो वास मला स्वच्छ वाटला.

त्याला आता महिना होत आला. महिनाभर मी रोज सव्वानऊला दुकान उघडते आहे. काळं मशीन बाहेर निघालं की मी गिऱ्हाइकाला हळूच सांगते, कार्ड नको, रोख असेल तर द्या. दोघातिघांनी ऐकलं, बाकीच्यांना वाटलं मीच काहीतरी लबाडी करते आहे. एका बाईने मला सरळ विचारलं, "तुजा कमिशन कटतो काय कार्डावर?"

आता मिथुनचं. त्याने जाळं विकलं हे तुला कळलं असेल, कारण त्याचे पैसे त्याने तुझ्या कार्डावर भरले. साठ हजारांचं, जेमतेम तीन आठवडे पाण्यात गेलेलं जाळं अडतीसला गेलं. बाकीचे तो डहाणूच्या एका बोटीवर खलाशी म्हणून राबून फेडतो आहे, पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाही. स्वतःची होडी किनाऱ्यावर उलटी पडली आहे. तुला वाटत असेल की त्याने स्वतःची बाजू नीट मांडली नाही, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी काळं होतं. त्याच्याकडे एक साक्षीदार होता. ज्याच्या हातात त्याने कार्ड दिलं तो माणूस त्याच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभा राहून खोटं बोलत होता, आणि त्याने तुझ्या बाबांसमोर एवढंसुद्धा म्हटलं नाही की उन्नती, तू होतीस ना. सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, का नाही बोललास. तो जेवत होता. म्हणाला, "तू बोलली असतीस तर नोकरी गेली असती. बाबांच्या गोळ्यांना पैसा कुठला? माजं काय, माज्याकडं समुद्र हाय." मग म्हणाला, "दीपाला नाय पटलं ते नाय पटलं. भात वाढ." मी भात वाढला. मी त्याला त्यानंतरही काही सांगितलं नाही. चार दिवसांनी बसून तुला ते पत्र लिहिलं, शुद्धलेखन तपासून, पुन्हा एकदा स्वच्छ उतरवून. म्हणजे ती चूक नव्हती. वर मी चूक म्हटलं आहे, तिथेही रेघ मार. ते खोटं होतं.

मिथुनकडे परत ये असं सांगायला मी हे लिहीत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. माझ्यासारखी माणसं ज्या घरात आहेत तिथे तू यावंस असं मला आज छाती ठोकून म्हणवत नाही. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. शेठना काळं मशीन बंद करायचं आहे. जमुनाकाकूंनंतर आणखी दोघं येऊन गेले, म्हणून ते सावध झाले आहेत. मंगळवारी, दोन डिसेंबरला, ते मला पालघरला त्यांच्या वकिलाकडे नेणार आहेत. तिथे एका कागदावर माझी सही हवी आहे, की हे केंद्र मी माझ्या जबाबदारीवर चालवत होते आणि दुकानाचा त्याच्याशी संबंध नाही. ती सही झाली की तुझे चार व्यवहार कायमचे रोख ठरतील आणि मिथुन कायमचा खोटा. सोबत मिथुनच्या बिलाची, चारही चिठ्ठ्यांची आणि माझा फोटो असलेल्या अर्जाची प्रत जोडली आहे. कार्ड तुझं आहे, म्हणून बँकेकडे लेखी तक्रार तूच करू शकतेस. ती कर, आणि तिच्यात माझं नाव पूर्ण लिही. मैत्रीण म्हणून वगळू नकोस, होणारी नणंद होती म्हणूनही नको. माझ्या नावावरूनच ते शेठपर्यंत पोचतील, दुसरा रस्ता नाही. पूर्वी तिची तक्रार घेऊन माझ्याबरोबर येते आहे. तू आलीस तर बरं, नाही आलीस तरी मी जाणार, मूळ फाइल घेऊन, आधी बोईसरच्या बँकेत आणि तिथून पोलीस ठाण्यात, आणि मशीनमध्ये कार्ड मी घातलं इथून सांगायला सुरुवात करणार. शेठच्या वकिलाच्या एक दिवस आधी.

सोमवारी, एक डिसेंबरला, सकाळी साडेदहा वाजता.

तुझीच म्हणायचा हक्क मी घालवला आहे, तरी दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून, तुझीच
उन्नती